एम ५१ चं केंद्र: उपाशी की पडद्याआड?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर एप्रिल-मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला गेलात, तर उत्तरेकडे सप्तर्षी चांगले वर आलेले दिसतात. चौकोनाचे चार, शेपटीचे तीन. शेपटीच्या अगदी टोकाचा तारा म्हणजे मरीची. मरीचीपासून साधारण साडेतीन अंशांवर, श्यामशबल या तारकासमूहात, एम ५१ नावाची दीर्घिका आहे. ठाण्यातून ती दिसत नाही, माजिवड्यापासून गायमुखापर्यंतचे दिवे ती गिळून टाकतात. आपल्याकडचे आकाशप्रेमी त्यासाठी वांगणीला जातात. अमावस्येच्या आसपासची रात्र आणि बऱ्यापैकी दुर्बीण असली की तिथे एकमेकांना चिकटलेले दोन धुरकट ठिपके दिसतात. मोठा ठिपका एम ५१, धाकटा तिचा साथीदार एनजीसी ५१९५. दोघांची टक्कर चालू आहे आणि ती कोट्यवधी वर्षं चालणार आहे.

चार्ल्स मेसिए यांनी १७७३ मध्ये ही दीर्घिका पहिल्यांदा नोंदवली. १८४५ मध्ये आयर्लंडमधल्या लॉर्ड रॉस यांनी आपल्या अवाढव्य दुर्बिणीतून तिचे सर्पिल बाहू पाहून चित्र काढलं. तेव्हापासून ती सुंदर म्हणूनच प्रसिद्ध आहे. फोटोही सगळे बाहूंचेच. पण मला तिच्या मधोमध असलेल्या, फोटोत एरवी नुसता पांढरा दिसणाऱ्या केंद्राबद्दल सांगायचं आहे. ते केंद्र मंद आहे, आणि का मंद आहे हे ठरवायला खगोलशास्त्रज्ञांना बरीच वर्षं आणि निरनिराळ्या एक्स-रे दुर्बिणी लागल्या.

बहुतेक सगळ्या मोठ्या दीर्घिकांच्या मध्यभागी महाकाय कृष्णविवर असतं, लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वजनाचं. कृष्णविवरातून प्रकाश येत नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. प्रकाश येतो तो त्यात पडणाऱ्या वायूतून. वायू सरळ आत पडत नाही, भोवती गिरक्या घेत एका चकतीत जमा होतो, घर्षणाने तापतो आणि झळकतो. चकतीच्या आतल्या भागावर अतितप्त, विरळ वायूचं एक आवरण असतं. त्याला कोरोना म्हणतात आणि त्याचं तापमान अब्ज अंशांच्या घरात जातं. चकतीतून निघालेला प्रकाश या कोरोनातल्या वेगवान इलेक्ट्रॉनांवर आपटतो, त्यांच्याकडून ऊर्जा घेतो आणि एक्स-रे होऊन बाहेर पडतो. असं केंद्र ज्या दीर्घिकेत जागं आहे ती सक्रिय दीर्घिका. कार्ल सायफर्ट यांनी १९४३ मध्ये अशा काही दीर्घिकांचा पहिला पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

सक्रिय म्हटलं की बातम्यांमध्ये क्वासार येतात, अख्ख्या दीर्घिकेला फिकं पाडणारे. ते मोजके. आपल्या आसपासच्या विश्वात जास्त संख्या आहे ती मंद केंद्रांची. एम ५१ च्या केंद्रातून एक्स-रेमध्ये बाहेर पडणारी खरी ऊर्जा सूर्याच्या एकूण तेजाच्या साधारण पंचवीस लाख पट आहे. ऐकायला प्रचंड वाटते, पण तेजस्वी क्वासार याच्या लाखपट सहज जातो. आणि आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर शांत असताना एक्स-रेमध्ये सूर्याच्या एकूण तेजाच्या जेमतेम निम्म्याइतकंच झळकतं. चाळीस लाख सूर्यांचं वजन आणि अर्ध्या सूर्याचा उजेड! या टोकापासून क्वासारपर्यंतच्या पट्ट्यात कुठलं केंद्र कुठे बसतं, हे कळल्याशिवाय कृष्णविवरं कशी वाढतात याचा हिशेब लागत नाही.

हिशेबात अडचण एकच आहे. एखादं केंद्र मंद दिसतं तेव्हा दोन शक्यता असतात. एक, त्याला खायला वायूच मिळत नाही. दुसरी, ते व्यवस्थित जेवतं आहे, पण त्याच्यासमोर धूळ आणि वायूचा जाड पडदा आहे. दुर्बिणीत दोन्ही सारखीच दिसतात.

प्लेट पांढरी का आली?

नौपाड्यात एका छोट्या गटापुढे मी हा विषय मांडत होतो. तिथे रुग्णालयाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेल्या एक ताई बसल्या होत्या. मी पडदा, धूळ, वायू वगैरे सांगत असताना त्यांनी मध्येच हात वर केला.

"सर, प्लेट पांढरी आली, तर एमएएस कमी पडला की पेशंट जाड होता, हे नुसती प्लेट बघून आम्हालाही सांगता येत नाही. तुम्ही कसं सांगता?"

"ताई, तुमच्या हातात निदान मशीनची बटणं असतात," मी म्हणालो.

"मग तुम्ही केव्ही कशी बदलता?"

प्रश्न इतका नेमका होता की पुढचं सगळं मी त्यांच्याच भाषेत सांगितलं, आणि इथेही तेच करतो. एक्स-रे मशीनवर दोन मुख्य सेटिंगं असतात. एमएएस म्हणजे किरण किती सोडायचे. केव्ही म्हणजे ते किती भेदक असायला हवेत. स्तनांच्या मॅमोग्राफीला केव्ही तीसच्या आसपास ठेवतात, छातीच्या एक्स-रेला बहुतेक वेळा शंभराच्या वर नेतात. कमी ऊर्जेचे किरण शरीरातच अडकतात, जास्त ऊर्जेचे पार जातात. म्हणूनच मशीनच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ फिल्टर असतो. जे किरण फिल्मपर्यंत पोहोचणारच नाहीत, नुसता पेशंटचा डोस वाढवतील, ते आधीच गाळून टाकायचे.

कृष्णविवराच्या बाबतीत केव्ही बदलता येत नाही, पण त्याची गरजही नाही. कोरोना एकाच वेळी सगळ्या ऊर्जांचे किरण सोडतो. कमी ऊर्जेचे पुष्कळ आणि जास्त ऊर्जेचे कमी, अशी एक सरळ, ओळखीची उतरंड असते. या क्षेत्रातले लोक तिला पॉवर-लॉ म्हणतात. आपल्याला करायचं एवढंच, की येणारा प्रत्येक फोटॉन किती ऊर्जेचा आहे हे मोजायचं आणि उतरंडीचा कुठला भाग गायब आहे ते पाहायचं. कमी ऊर्जेची बाजू कापली गेली असेल आणि वरची शाबूत असेल, तर समोर पडदा आहे. सगळीच उतरंड सारख्या प्रमाणात खाली असेल, तर केंद्रच मंद आहे. कापणी कुठे सुरू होते त्यावरून पडदा किती जाड हेही कळतं. जाड पेशंट आणि कमी एमएएस यांच्यातला फरक असा ऊर्जेच्या आलेखात उघडा पडतो.

दोन बोटं पाणी

पडद्याची जाडी मोजण्याची पद्धत थोडी अजब आहे. केंद्रापासून आपल्यापर्यंतच्या रेषेवर एक चौरस सेंटिमीटर तोंडाची सरळ नळी कल्पा आणि त्या नळीत हायड्रोजनचे किती अणू येतात ते मोजा. एकावर बावीस शून्यं इतके आले, तर १ केईव्हीच्या आसपासचे आणि त्याखालचे किरण कापले जातात. (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. दृश्य प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा दोन-तीन इलेक्ट्रॉनव्होल्ट असते.) एकावर तेवीस शून्यं झाली, तर तीनेक केईव्हीपर्यंत अंधार. आणि दीडवर चोवीस शून्यं हा मोठा टप्पा. त्यापलीकडच्या पडद्याला कॉम्प्टन-थिक म्हणतात.

हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून त्यांचं वजन करून पाहू. दीडवर चोवीस शून्यं इतके हायड्रोजन अणू म्हणजे अडीच ग्रॅम. एका चौरस सेंटिमीटरवर अडीच ग्रॅम म्हणजे अडीच सेंटिमीटर उंचीचं पाणी. एवढंच. प्रकाशवर्षांच्या अंतरात पसरलेला तो भयंकर पडदा गोळा करून दाबला, तर दोन बोटं पाणी. एम ५१ च्या केंद्रासमोरचा पडदा याच्या तिपटीहून जास्त, साडेपाचवर चोवीस शून्यं इतका मोजला गेला आहे. तरी तो दहा सेंटिमीटर पाण्याच्याही आतच बसतो. म्हणजे वजनाने पाहिलं, तर ताईंच्या टेबलावर झोपणाऱ्या मध्यम अंगाच्या पेशंटपेक्षा हा पडदा पातळच.

आपलं वातावरण मात्र चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भरतं, म्हणजे दहा मीटर पाणी. त्यामुळे आकाशातला एक्स-रे जमिनीवर पोहोचत नाही. ठाण्यातूनही नाही आणि लडाखमधल्या हानलेहूनही नाही. १९६२ मध्ये रिकार्डो जाकोनी आणि सहकाऱ्यांनी रॉकेटमधून मोजणीयंत्र वर पाठवलं, तेव्हा सूर्यमालेबाहेरचा पहिला एक्स-रे स्रोत सापडला. त्याच उड्डाणात सगळ्या आकाशातून येणारी एक अंधूक एक्स-रे पार्श्वभूमीही दिसली. ती पार्श्वभूमी म्हणजे असंख्य दूरच्या सक्रिय केंद्रांचा एकत्रित उजेड, हे पुढे कळलं. तिचा जोर ३० केईव्हीच्या आसपास सर्वात जास्त आहे, आणि तो जुळवायचा तर पडद्याआडची केंद्रं भरपूर असावी लागतात. या कामासाठी जाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं.

पडदा कॉम्प्टन-थिक झाला की ताईंची युक्तीही तोकडी पडते. ऊर्जा वाढवत नेली की अणूंचं शोषण झपाट्याने कमी होतं, हे खरं. पण इलेक्ट्रॉनांवर आपटून किरण विखुरण्याचं प्रमाण तसं कमी होत नाही. दीडवर चोवीस शून्यांच्या पुढे बहुतेक प्रत्येक किरण वाटेत एकदा तरी आपटतो, दिशा बदलतो, थोडी ऊर्जा गमावतो. पार येणारा सरळ उजेड थोडाच उरतो. बाकीचा असतो तो पडद्याच्या पलीकडच्या भिंतीवरून उडून आलेला. ताईंच्या धंद्यात याला स्कॅटर म्हणतात आणि तो फिल्म धुरकट करतो म्हणून ग्रिड लावून अडवतात. इथे उलट, त्या स्कॅटरवरच सगळं काम.

लोखंडाची सही

त्या उडून आलेल्या उजेडात एक ठळक खूण असते. पडद्यातल्या वायूत थोडं लोखंड असतंच, जुन्या ताऱ्यांच्या स्फोटांतून आलेलं. जोरदार एक्स-रे लोखंडाच्या अणूतला सगळ्यात आतला इलेक्ट्रॉन उडवून लावतो. रिकाम्या जागेत वरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उतरतो आणि त्या उतरण्यात नेमका ६.४ केईव्हीचा फोटॉन बाहेर पडतो. दवाखान्यातल्या ट्यूबमध्ये टंगस्टनचं टार्गेट असतं, त्याचीही अशीच स्वतःची रेषा असते, ५९ केईव्हीच्या आसपास. भौतिकी तीच आहे, धातू वेगळा.

केंद्र उघडं असेल तर ६.४ ची रेषा दिसते खरी, पण थेट येणाऱ्या झगझगाटात ती लहानशी वाटते. पडदा जाड असेल तर थेट उजेड दबतो. रेषा मात्र पडद्यातूनच जन्मलेली असल्याने पलीकडच्या भिंतीवरून आपल्यापर्यंत येत राहते. पार्श्वभूमी बुडाली की तीच रेषा खांबासारखी उभी दिसते. एम ५१ च्या केंद्राच्या आलेखात लोखंडाची रेषा अशीच ठसठशीत आहे. एवढी मोठी रेषा आणि एवढा कमी थेट उजेड, ही जोडी नुसत्या मंद केंद्राला जमत नाही. मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात विश्वासू साक्षीदार हीच रेषा आहे. बाकीच्या खुणा फिरतात, ही सहसा फिरत नाही.

दुसरी खूण २० ते ३० केईव्हीच्या आसपास असते. कमी ऊर्जेचे किरण पडद्यात शोषले गेले, फार जास्त ऊर्जेचे आपटून आपटून ऊर्जा गमावून बसले, मधले परतून आले. त्यामुळे आलेखात तिथे एक उंचवटा येतो. तो पाहायचा तर १० केईव्हीच्या वर पाहणारी दुर्बीण हवी.

इथेच एम ५१ ने सगळ्यांना दमवलं. १९९६ ते २००२ या काळात चालू असलेला इटली आणि नेदरलँड्सचा बेप्पोसॅक्स हा उपग्रह १० केईव्हीच्या वर पाहू शकत होता. त्याने एम ५१ मधून भेदक एक्स-रे पकडले आणि पडदा साडेपाचवर चोवीस शून्यांच्या घरात असल्याचं त्यावरूनच सांगितलं गेलं. पण त्याच्या त्या यंत्राला चित्र काढता येत नव्हतं. एका अंशाहून मोठ्या आकाशाच्या तुकड्यातून जे येईल ते सगळं एकत्र मोजलं जायचं. केंद्र, साथीदार दीर्घिका आणि बाहूंमधले सगळे स्रोत एकाच आकड्यात.

बाहूंमधले स्रोत ही क्षुल्लक गोष्ट नाही. तेजस्वी केंद्राच्या अभ्यासात शेजाऱ्यांकडे दुर्लक्ष करता येतं, मंद केंद्रात नाही. एम ५१ मध्ये अतितेजस्वी एक्स-रे स्रोत आहेत, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेणारे मृत तारे. त्यातला एक, यूएलएक्स-७, हा २.८ सेकंदांना एक फेरी मारणारा न्यूट्रॉन तारा निघाला. शहराएवढ्या आकाराचा एक गोळा एक्स-रेमध्ये अख्ख्या दीर्घिकेच्या केंद्राशी बरोबरी करू शकतो. म्हणजे मंद केंद्राचा मोजलेला उजेड खरोखर केंद्राचाच आहे का, हा प्रश्न पडद्याच्याही आधी येतो.

त्याचं उत्तर चंद्रा दुर्बिणीकडे आहे. जुलै १९९९ मध्ये सोडलेली ही अमेरिकी दुर्बीण, नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. तिची नजर अर्ध्या विकलेची आहे (एक विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग). २.८ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एम ५१ मध्ये ती सत्तरेक प्रकाशवर्षांइतकं बारीक पाहते, त्यामुळे केंद्र आणि शेजारी वेगळे होतात. पण ती १० केईव्हीच्या पुढे जवळपास आंधळी. उलट जून २०१२ मध्ये सोडलेली नुस्टार ३ ते ७९ केईव्हीपर्यंत पाहते आणि चित्रही काढते. एवढ्या ऊर्जेचे किरण आरशावर अगदी घासून गेले तरच वळतात, म्हणून आरसा आणि कॅमेरा यांत दहा मीटर अंतर लागतं. तो दांडा कक्षेत गेल्यावर उलगडला. ७९ केईव्ही म्हणजे ताईंच्या खोलीतलीच ऊर्जा. पण नुस्टारची नजर चंद्राहून कितीतरी ढोबळ. म्हणून आता पद्धत अशी की चंद्राकडून शेजाऱ्यांचा हिशेब घ्यायचा, तो नुस्टारच्या आलेखातून वजा करायचा आणि उरलेल्यात केंद्र शोधायचं.

आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटचं काय, असं ठाणे-मुंबईच्या श्रोत्यांत कोणीतरी विचारतंच, आणि विचारावंच. सप्टेंबर २०१५ मध्ये इस्रोने सोडलेल्या या वेधशाळेतली एक्स-रे यंत्रं घडवण्यात कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. तेजस्वी, झपाट्याने बदलणाऱ्या स्रोतांवर तिने उत्तम काम केलं. या कामासाठी मात्र ती नाही. तिच्या लॅक्सपीसी यंत्राचं दृष्टिक्षेत्र सुमारे एक अंशाचं आहे आणि ते चित्र काढत नाही, म्हणजे अडचण बेप्पोसॅक्सचीच. हे सांगितलं की काहींचा चेहरा पडतो. पण प्रत्येक यंत्र प्रत्येक कामासाठी नसतं, ते रुग्णालयातही नसतं.

तिसरी शक्यता

लपलेला की उपाशी, या प्रश्नात एक गोम आहे. मी ती मुद्दामच मागे ठेवली होती.

पडद्याआडचं केंद्र ओळखायचा एक जुना मार्ग असा की पडद्याच्या बाहेरून केंद्राकडे पाहू शकणाऱ्या गोष्टींना विचारायचं. केंद्रापासून शेकडो-हजारो प्रकाशवर्षांवरचा वायू केंद्राच्या किरणांनी उजळतो आणि ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश सोडतो. तापलेली धूळ अवरक्त प्रकाश सोडते. हे दोन्ही भरपूर आणि एक्स-रे कमी, तर पडदा आहे असं मानायचं. तेजस्वी केंद्रांवर हा मापदंड छान चालतो. १९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ या दीर्घिकेत याच धर्तीवर, उडून आलेल्या ध्रुवीकृत प्रकाशात, पडद्याआडचं केंद्र दाखवून दिलं. केंद्राभोवती मेदुवड्याच्या आकाराचं धुळीचं कडं असतं आणि आपण कुठल्या कोनातून पाहतो त्यावर केंद्र उघडं की झाकलेलं हे ठरतं, या कल्पनेला तिथून बळ मिळालं. त्या कड्याला टॉरस म्हणतात.

मंद केंद्रांवर हा मापदंड डळमळतो. तिथला वायू म्हातारे तप्त तारेही उजळवू शकतात, त्याचं श्रेय चुकून कृष्णविवराला जातं. आणि दूरचा वायू आजचं केंद्र पाहतच नाही. प्रकाशाला तिथवर जायला हजारो वर्षं लागतात, म्हणून तो केंद्राचा भूतकाळ पाहत असतो. केंद्र दरम्यान विझलं असलं तरी वायू उजळलेलाच राहतो.

२००७ मध्ये हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेने, नागरिकांनी दीर्घिकांचं वर्गीकरण करायच्या एका प्रकल्पात काम करताना, आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी एक विचित्र चमकता ढग टिपला. ही दीर्घिका सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवर आहे. ढग इतका उजळलेला की शेजारी क्वासार हवा, पण दीर्घिकेचं केंद्र तर मंद. आधीच्या एक्स-रे निरीक्षणांवरून असा निष्कर्ष निघाला की इथला क्वासार गेल्या लाखभर वर्षांत शंभरपट किंवा त्याहून जास्त मंदावला. मग २०१८ मध्ये नुस्टार आणि चंद्राची एकत्र निरीक्षणं आली. १० केईव्हीच्या वर पाहिल्यावर कळलं, केंद्रासमोर कॉम्प्टन-थिक पडदा आहे. म्हणजे ते वाटलं होतं त्याहून तेजस्वी आहे. तरीही ढगाला पुरेल इतकं नाही, पन्नासेक पटीने मंदावलेलंच आहे.

झाकलेलंही आणि मंदावलेलंही. या दोन शक्यता एकमेकींना वगळत नाहीत. मंद केंद्रांवरचे जुने लेख वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं, कारण त्यातले कित्येक "एक किंवा दुसरं" असंच गृहीत धरतात.

उपाशी कृष्णविवराचा पडदा कुणी टांगला?

एम ५१ चा निकालही असाच दुहेरी लागला. २०१८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या नुस्टार-चंद्रा विश्लेषणात तिचं केंद्र कॉम्प्टन-थिक आहे यावर शिक्कामोर्तब झालं. पण पडद्याची भरपाई करून खरं तेज काढलं तेव्हाही ते मंदच निघालं, एडिंग्टन मर्यादेच्या दहा हजारांश भागाहूनही कमी. एडिंग्टन मर्यादा म्हणजे त्या वजनाच्या कृष्णविवराला जास्तीत जास्त किती झळकता येईल ती पातळी. त्यापलीकडे प्रकाशाचाच दाब वायूला बाहेर ढकलतो. (१९३५ मध्ये भर सभेत तरुण चंद्रशेखरांच्या सिद्धांताची खिल्ली उडवणारे ते हेच आर्थर एडिंग्टन. आज चंद्रा दुर्बिणीची मापं एडिंग्टनच्या एककात लिहिली जातात.)

इतक्या कमी खाणाऱ्या कृष्णविवराजवळचं चित्रच वेगळं असतं. मुंबईत जन्मलेले रमेश नारायण आणि त्यांचे सहकारी इन्सू यी यांनी १९९४-९५ च्या सुमाराला त्याचा सिद्धांत नीट मांडला. पडणारा वायू फार विरळ असेल तर त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही. प्रोटॉन प्रचंड तापतात, पण ती उष्णता प्रकाश म्हणून बाहेर पडण्याआधीच वायू तिच्यासकट कृष्णविवरात जातो. पातळ चकतीचा आतला भाग नाहीसा होऊन तिथे फुगीर, तप्त, अंधूक प्रवाह उरतो. आकाशगंगेच्या मध्यातल्या त्या अर्ध्या सूर्याच्या उजेडाचं कोडं सोडवताना हाच विचार कामी येतो.

आता टॉरस. एक मत असं, की धुळीचं ते कडं म्हणजे स्थिर भिंत नाही, चकतीतून वर उचलला जाणारा धुळीच्या ढगांचा वारा आहे. केंद्र मंद झालं की वारा थंडावतो आणि कडं नाहीसं होतं. मोशे एलित्सूर आणि आयझॅक श्लोसमन यांनी २००६ मध्ये असं भाकीत मांडलं, आणि बऱ्याच मंद केंद्रांसमोर पडदा खरोखरच दिसत नाही. एम ५१ चं केंद्र त्या भाकितातल्या मर्यादेच्या बरंच खाली आहे. तिथे टॉरस असायला नको होता. आणि समोर तर साडेपाचवर चोवीस शून्यं.

विश्लेषण करणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट मोजली: केंद्रातून पाहिलं तर पडदा आकाशाचा किती भाग झाकतो. उत्तर आलं साधारण २६ टक्के. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश दिशांनी एम ५१ चं केंद्र उघडंच आहे. आपण नेमके उरलेल्या चतुर्थांशात बसलो आहोत. दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेतून कोणी पाहत असेल, तर त्याच्या नोंदवहीत एम ५१ "उघडं, मंद केंद्र" अशीच लिहिलेली असण्याची शक्यता जास्त.

मग हा पडदा कुणाचा? एक उत्तर टकरीचं. साथीदाराच्या ओढीने एम ५१ मधला वायू आत लोटला गेला असेल आणि अजून कृष्णविवरापर्यंत न पोहोचता वाटेतच तुंबला असेल. तसं असेल तर टॉरस नाहीसा होण्याच्या भाकिताला एम ५१ चा पुरावा लागू होत नाही, कारण हे कडं केंद्राने नव्हे, टकरीने उभं केलं. पण टकरीने कृष्णविवराला खाऊ मिळतो, असंही सर्वसाधारणपणे मानतात. इथे टक्कर चालू आहे आणि दोन्ही केंद्रं उपाशीच आहेत.

शिवाय साथीदार. एनजीसी ५१९५ त्याच टकरीत आहे, त्याचं केंद्रही मंदच, पण त्याच्यासमोर कॉम्प्टन-थिक पडदा नाही. टक्कर एकच असून पडदा एकाच बाजूला का, याचं उत्तर एका जोडीवरून निघत नाही. टक्कर नसलेल्या एकाकी दीर्घिका हव्यात, ज्यांचं केंद्र मंद आहे आणि तरीही झाकलेलं आहे. श्यामशबलातच एम १०६ आहे. तिचं कृष्णविवर पाण्याच्या वाफेच्या मेसर किरणांवरून (मेसर म्हणजे सूक्ष्मलहरींतला लेसर) सुमारे चार कोटी सूर्यांच्या वजनाचं निघालं, केंद्र मंद आहे आणि समोर एकावर तेवीस शून्यांच्या आसपासचा पडदा आहे. तिथे मेसरची चकतीच वाकडी आहे. ती वाकलेली कड आपल्या नजरेच्या आड येत असावी, असं मानतात. म्हणजे तिथे वारा, टॉरस, टक्कर यांतलं काहीच लागत नाही.

चंद्रा आणि नुस्टारची ही सगळी निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर जगाला खुली होतात. आलेखात पॉवर-लॉ, पडदा आणि लोखंडाची रेषा बसवून पाहायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ठाण्यातलं भौतिकशास्त्राचं एखादं एमएस्सीचं पोर पावसाळ्यात, आकाश महिनोन्महिने झाकलेलं असताना, एम ५१ चा पडदा स्वतः मोजू शकतं. आधी फक्त शेजाऱ्यांचा उजेड वजा करायला विसरायचं नाही.